घरून काम करणाऱ्यांसाठी कामाचे जागतिक दिवस कोणते ठेवावेत?

मृण्मयी_ना
६ नोव्हेंबर, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी,

आमच्या कंपनीत दरवर्षी विशेष दिवसांची दिनदर्शिका ठरते. २०२६ ची ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. ऑफिस पुण्यात आहे, पण निम्म्याहून जास्त माणसं घरून काम करतात. मी नाशिकहून, कुणी लातूरहून, कुणी चिपळूणहून, एक जण तर कुडाळच्या पुढे गावात राहून. आजवर ही यादी ऑफिसात बसणाऱ्यांच्या सोयीनं बनत आली. महिला दिनाला गुलाब आणि केक ऑफिसात, घरी असणाऱ्यांना ईमेल. योग दिनाला गच्चीवर आसनं, आम्हाला त्याचे फोटो.

मला सहा दिवस निवडायचेत. पैसा बेताचा आहे. अट एकच, आणि ती मीच घातली आहे: त्या दिवशी घरून काम करणाऱ्या माणसाच्या पदरात काहीतरी पडलं पाहिजे. नुसतं शुभेच्छापत्र नको.

इंटरनेटवरच्या याद्या वाचून डोकं गरगरतं. रोज कसला ना कसला दिवस असतोच. त्यातले खरे कोणते, कुणी सुरू केले आणि कामाशी त्यांचा संबंध काय, हे जाणकारांनी सांगावं. माझ्या कच्च्या यादीत ८ मार्च, २८ एप्रिल, १ मे आणि १० ऑक्टोबर आहेत. उरलेले दोन सुचवा. या चार दिवशी काय करता येईल तेही लिहा.

ओंकार७
६ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे. चांगला धागा.

चाकणकर_सुरक्षा
६ नोव्हेंबर, सकाळी ११:३५

मृण्मयीताई, २८ एप्रिल यादीत पाहून बरं वाटलं. बहुतेक ऑफिसवाल्यांना तो ठाऊकच नसतो. मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

२८ एप्रिल हा कामाच्या जागी सुरक्षितता आणि आरोग्याचा जागतिक दिवस. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना तो २००३ पासून पाळते. पण तारीख त्यांची नव्हे. कामावर जीव गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस म्हणून कामगार संघटना त्याआधीपासून २८ एप्रिल पाळत होत्या. कॅनडात १९८४ मध्ये सुरुवात झाली आणि नंतर तो जगभर पसरला. म्हणून आम्ही त्या दिवशी आधी दोन मिनिटं उभे राहतो, मग बाकीचा कार्यक्रम. आपल्याकडे ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनही असतो. १९६६ साली त्याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. कारखान्यांत ४ मार्च मोठा, २८ एप्रिल धाकटा. पण २०२५ चा २८ एप्रिल कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डिजिटल कामावर होता, म्हणजे थेट तुमच्या लोकांचा विषय.

आता करायचं काय. घरून काम करणाऱ्याच्या घरात सुरक्षा अधिकारी कधी जात नाही. कारखान्यात आम्ही प्रत्येक बोर्ड तपासतो. घरात एकाच एक्स्टेन्शनवर लॅपटॉप, राउटर, पंखा आणि मोबाईल चार्जर लावलेला असतो, आणि तो बोर्ड तीन पिनांच्या सॉकेटमध्ये दोन पिनांचा प्लग घालून चालवलेला. जुन्या वाड्यांत आणि गावच्या घरांत अर्थिंग नावालाच असतं. पावसाळ्यात भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात, तरी माणूस पाय खुर्चीवर घेऊन मीटिंग चालू ठेवतो.

त्या दिवशी एवढंच करा: ज्याला हवं त्याच्या घरी परवानाधारक वायरमन जाऊन अर्थिंग तपासेल आणि नसेल तिथे आरसीसीबी बसवेल. बिल कंपनी देईल. गळतीचा करंट आला की आरसीसीबी क्षणात वीज तोडतो. यावर होणारा खर्च पाहुण्या वक्त्याच्या मानधनापेक्षा नक्की जास्त उपयोगी पडेल.

रोखठोक
६ नोव्हेंबर, दुपारी १:०५

माझं मत वेगळं आहे. दिवस पाळून कामगाराला आजवर काही मिळालेलं नाही, जे मिळालं ते मागून आणि भांडून. आपण सगळे रविवारी सुट्टी घेतो. ती कुणी दिली? नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याला एक दिवस विश्रांती हवी ही मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत दहा हजारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

१० जून तुमच्या कुठल्याच यादीत नसतो. आणि तिकडे घरून काम करणाऱ्याचा रविवार कधीच गेलाय. आधी तो परत मागा, दिवस नंतर पाळा.

मृण्मयी_ना
६ नोव्हेंबर, दुपारी १:३०

@चाकणकर_सुरक्षा, वायरमनची कल्पना फार आवडली. चिपळूणच्या सहकाऱ्यानं मागच्या पावसात नेमकी हीच तक्रार केली होती. इमारत आमची नाही म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

@रोखठोक, तुमच्या रागाशी मी सहमत आहे. पण मागायलाही निमित्त लागतं. एरवी मी साहेबांना म्हटलं की रविवारी मेसेज नकोत, तर ती माझी तक्रार ठरते. सगळ्यांच्या दिनदर्शिकेवर छापून आलं की तो कंपनीचा विषय होतो. १० जून लिहून ठेवते.

शिल्पा_मेलबर्न
६ नोव्हेंबर, दुपारी ३:१८

रोखठोक यांच्या रविवारच्या मुद्द्यावरून लिहिते. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर साहेबाचा फोन न घेण्याचा, मेसेज न वाचण्याचा हक्क कायद्यात आलाय. पंधरापेक्षा कमी माणसं असलेल्या छोट्या धंद्यांना वर्षभर सवलत होती, तीही २६ ऑगस्ट २०२५ ला संपली. नकार अवाजवी असेल तर तो चालत नाही. खरी तातडी असेल किंवा त्यासाठी वेगळे पैसे मिळत असतील तर उत्तर द्यावं लागतं. पण रात्री दहाच्या 'जरा बघ ना' ला उत्तर दिलं नाही म्हणून कारवाई होऊ शकत नाही. फ्रान्समध्ये पन्नास किंवा जास्त माणसांच्या कंपन्यांना याबद्दल कामगारांशी बोलणी करणं १ जानेवारी २०१७ पासून बंधनकारक आहे. पोर्तुगालने २०२१ मध्ये जबाबदारी मालकावर टाकली, वेळेबाहेर त्यानेच संपर्क करायचा नाही.

कायदा आल्यावर माझ्या टीममध्ये एकच बदल झाला. लोक ईमेल रात्री लिहितात, पण ती सकाळी आठला जाईल अशी लावून ठेवतात. बदल छोटा आहे, पण झोप लागते.

चाकणकर_सुरक्षा
६ नोव्हेंबर, दुपारी ३:४४

शिल्पाताई, परदेशातलंच आणखी एक. जर्मनीत घरून काम करणारा एक माणूस सकाळी झोपायच्या खोलीतून घरातल्याच कामाच्या खोलीकडे जाताना गोल जिन्यावरून घसरला आणि त्याच्या पाठीचा मणका मोडला. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने तो कामावर जाताना झालेला अपघात मानला, विम्याचं संरक्षण दिलं. पलंग ते टेबल हा त्याचा कामावर जायचा रस्ता ठरला.

गौरांग
६ नोव्हेंबर, दुपारी ४:०२

मग आमच्या चाळीतला माळ्यावरून खाली यायचा जिना म्हणजे राष्ट्रीय महामार्गच! चाकणकर, त्याचीही तपासणी यादीत घ्या. एक पायरी दोन वर्षं हलतेय.

समुपदेशक_वर्धा
६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

१० ऑक्टोबरबद्दल. जागतिक मानसिक आरोग्य दिन १९९२ मध्ये जागतिक मानसिक आरोग्य महासंघाने सुरू केला. २०२४ मध्ये त्याचा विषयच कामाच्या जागी मानसिक आरोग्य हा होता. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी कामाचे १२ अब्ज दिवस बुडतात, असा जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटना यांचा अंदाज आहे. या दोन संघटनांनी २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती प्रत्येक मॅनेजरनं वाचावी: आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त, आणि हृदयविकारानं मृत्यूचा १७ टक्के जास्त.

आपल्या देशातली एक उपयोगाची गोष्ट याच तारखेला सुरू झाली. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने टेली-मानस ही हेल्पलाइन काढली. १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. लहान गावातून काम करणाऱ्याला याचं मोल जास्त आहे. तिथे मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसतो, आणि असला तरी त्याच्या दाराशी कुणी पाहील ही भीती असते.

माझ्याकडे येणाऱ्यांत घरून काम करणारी तरुण मुलं वाढली आहेत. कामाच्या ताणापेक्षा त्यांच्या बोलण्यात एकटेपणा जास्त येतो. दिवसभर दहा जणांशी स्क्रीनवर बोलणं होतं आणि संध्याकाळी लक्षात येतं की आपली चौकशी कुणीच केली नाही. ऑफिसात माणूस गप्प झाला तर शेजारच्याला कळतं, घरी बसलेल्याचा कॅमेरा बंद असतो. म्हणून त्या दिवशी व्याख्यान ठेवू नका. मॅनेजरनं प्रत्येकाला अर्धा तास फोन करावा, कामाचा एकही शब्द न काढता. आणि ताई, २०२६ मध्ये १० ऑक्टोबर शनिवारी येतो. शनिवारी मानसिक आरोग्यावर हजेरी सक्तीची करू नका. शुक्रवारी घ्या.

पद्मा_सोलापूर
६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

सगळा धागा वाचला. एक दिवस कुणीच सांगितला नाही म्हणून लिहिते.

२० ऑक्टोबर. घरी बसून काम करणाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस. २००० साली काठमांडूत दक्षिण आशियातल्या संघटना, सरकारी लोक आणि संयुक्त राष्ट्रांची माणसं एकत्र आली. तिथे घरी काम करणाऱ्या स्त्रियांसाठी जाहीरनामा झाला, त्याची ही तारीख. कुठल्याच कंपनीच्या दिनदर्शिकेत हा दिवस मी पाहिलेला नाही. खरं तर 'घरून काम' या विषयावरचा सगळ्यात सरळ दिवस हाच आहे.

माझी आई विड्या वळते. आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरातली बाई विड्या वळते. सकाळी कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा आणायचा. पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, मांडीवर सूप घेऊन वळायला बसायचं. मजुरी हजार विड्यांवर. संध्याकाळी नेऊन द्यायच्या, तिथला माणूस बघतो आणि ज्या पसंत नाहीत त्या बाजूला काढतो. त्या बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत. तुम्ही लोकांनी २०२० मध्ये घर आणि ऑफिस एक झाल्याबद्दल खूप लिहिलंत, ते खरंही आहे. आमच्या घरात ते पहिल्यापासून एकच आहे. आमचा अभ्यास, आजारपणं, पाहुणे, सगळं त्या तंबाखूच्या वासात झालं. मान, पाठ आणि बोटं या तिघांचं दुखणं आईनं कधी दुखणं म्हणून सांगितलंच नाही.

आता कायद्याचं, कारण इथे बरेच जण विचारतात की घरून काम करणाऱ्याला हक्क तरी काय. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये वेगळा कायदा झाला, कल्याण निधीचा १९७६ मध्ये. तरी मालक म्हणायचे, या बायका घरी बसून वळतात, आम्ही त्यांच्यावर देखरेख करत नाही, म्हणून त्या आमच्या कामगार नाहीत आणि भविष्य निर्वाह निधी आम्हाला लागू नाही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की घरी वळणाऱ्याही कामगारच. विडी नापसंत करायचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजेच देखरेख आहे. ज्या छाननीत आईचे पैसे जायचे, तिच्याच आधारावर तिचा पीएफ उभा राहिला. मला कायदा शिकायची ओढ तिथून लागली.

तुमच्या सहा दिवसांत हा एक घ्या, एवढंच म्हणणं आहे.

मृण्मयी_ना
६ नोव्हेंबर, रात्री १०:२२

पद्माताई, हे वाचून सुन्न झाले. सिन्नर आमच्यापासून जवळ, तिथेही घरोघर विड्या वळतात, लहानपणापासून पाहत आले आहे. आणि घरून कामाच्या दिवसांची यादी करताना मला त्या बायका आठवल्या नाहीत. २० ऑक्टोबर यादीत घेतला.

रोखठोक
६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

पद्माताई, नमस्कार. १९८५ चा निकाल आजच कळला. हा दिवस मलाही मान्य आहे, कारण यामागे लढा आहे.

एचआर_वाली
७ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

थोडा वेगळा सूर लावते. मी मनुष्यबळ विभागात आहे. पद्माताईंचं लिहिणं मनाला भिडलं, पण संगणकावर पगारी काम करणारे आणि तुकड्यावर मजुरी घेणाऱ्या बायका यांना एकाच दिवसात बसवणं मला पटत नाही. आमच्या लोकांना नेमणूकपत्र आहे, पगार आहे, विमा आहे. आम्हीही घरूनच काम करतो असं म्हणून त्यांच्या दिवशी आपलेच फोटो लावले, तर त्यांचा दिवस आपण बळकावला असं होईल.

पद्मा_सोलापूर
७ नोव्हेंबर, सकाळी १०:०८

एचआर_वाली, तुमची काळजी योग्य आहे. फोटो लावून मिरवायचं असेल तर नकोच.

पण सीमा तितकी स्पष्ट नाही. घरी बसून केलेल्या कामाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, श्रम संघटनेचा क्रमांक १७७, जून १९९६ मध्ये मंजूर झाला. त्यात म्हटलंय की जो कर्मचारी अधूनमधून घरून काम करतो तो यात येत नाही. म्हणजे जो नेहमीच घरून करतो तो येऊ शकतो, मग हातात कात्री असो की कीबोर्ड. आणि या कराराचा गाभा समान वागणूक आहे: संघटना करायचा हक्क, सुरक्षितता, मजुरी, बाळंतपणाचं संरक्षण, जे कारखान्यातल्याला ते घरच्याला. भारताने हा करार अजून स्वीकारलेला नाही.

तुमच्याच कंपनीत भाषांतर, डेटा भरणं, चित्रांना लेबल लावणं अशी कामं तुकड्यावर बाहेर दिली जातात का? त्यांनाही नेमणूकपत्र नसतं, आणि त्यांचंही काम नापसंत करून पैसे कापतात. त्या माणसांना वेळेवर पैसे मिळतात का, आणि काम नाकारताना कारण लेखी देतात का, एवढं जरी २० ऑक्टोबरला तपासलंत तरी तो दिवस पाळल्यासारखा होईल.

एचआर_वाली
७ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

हे मात्र पटलं. बाहेर दिलेल्या कामांची यादी आमच्याकडे आहे. त्यात बहुतेक स्त्रियाच आहेत.

किनारा
७ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

थोडं अवांतर. मी बोटीवर आहे, मूळचा वेंगुर्ल्याचा. २५ जून हा दर्यावर्दींचा दिवस, २०११ पासून. घरून कामाच्या अगदी उलट, कारण आम्ही कामाच्या जागीच राहतो, महिनोन् महिने. पण तुटलेपण तेच, म्हणून या धाग्यात घुसलो. बोटीवर इंटरनेट मिळणं आता आंतरराष्ट्रीय नियमात आलंय. दर्यावर्दींच्या श्रम कराराची ती दुरुस्ती डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाली. आता मुलगी अभ्यास करताना फोन समोर ठेवते, मी इकडे गप्प बसून बघतो. पूर्वी बंदर येईपर्यंत वाट बघावी लागायची. तुमच्या कंपनीत कुणाच्या घरचं माणूस बोटीवर असेल तर २५ जूनला त्याला लवकर सोडा, एवढंच.

मुग्धा_के
७ नोव्हेंबर, दुपारी २:१०

किनारादादा, सुखरूप या. माझे वडील बोटीवर होते, तेव्हा महिन्याला एक पत्र यायचं.

मृण्मयी, १६ जूनचाही विचार कर. घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय दिवस. २०११ मध्ये त्याच तारखेला घरकामगारांच्या हक्कांचा करार झाला, क्रमांक १८९. आपण घरून काम करू लागल्यापासून भांडी-धुणं करणाऱ्या मावशींचं कामाचं ठिकाण आणि आपलं ऑफिस एकच झालंय. त्या हळू आवाजात भांडी घासतात, का तर मी मीटिंगमध्ये असते. त्यांच्या कामाला मात्र आठवड्याची सुट्टीही लिहिलेली नाही.

गौरांग
७ नोव्हेंबर, दुपारी २:३५

पण कंपनीच्या दिनदर्शिकेत तो कसा बसवणार? माझ्या घरच्या मावशींना सुट्टी किती द्यायची हे कंपनी सांगणार का?

मुग्धा_के
७ नोव्हेंबर, दुपारी ३:००

सांगणार नाही, पण माहिती देऊ शकते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. नोंदणी कशी करायची याचं एक पान सगळ्यांना पाठवलं तर बऱ्याच घरांतून मावशींची नोंद होईल. बैठका करण्यापेक्षा ते बरं.

अंतर्दृष्टी
७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१५

मी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरवर काम करतो. हा धागाही तसाच ऐकला.

माझी सूचना: मे महिन्याचा तिसरा गुरुवार, डिजिटल सुगम्यतेचा जागतिक जागरूकता दिन. २०१२ पासून पाळला जातो. २०२६ मध्ये तो २१ मेला येतो. ३ डिसेंबरचा दिव्यांग दिन सगळ्यांना माहीत असतो, त्या दिवशी आमचा सत्कार होतो. मला सत्कार नको. हजेरीच्या पानावरच्या बटणाला नाव द्या. आमच्या जुन्या कंपनीत रजेचा अर्ज भरताना स्क्रीन रीडर फक्त 'बटण, बटण, बटण' म्हणायचा. रजा मागायला मला दुसऱ्याचे डोळे मागावे लागायचे.

घरून कामानं माझ्यासारख्यांना फार मोठं दार उघडलं. रोज लोकलची गर्दी, फुटपाथवरचे खड्डे, अनोळखी इमारत यांतून सुटलो. पण तेच दार एका वाईट पानानं बंद होतं. एक करा: २१ मेला टीममधल्या प्रत्येकानं अर्धा तास माउस बाजूला ठेवायचा आणि रोजची तीन कामं फक्त कीबोर्डवर करून पाहायची. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे. जिथे अडाल तिथलं लिहून ठेवा आणि पुढच्या तीस दिवसांत दुरुस्त करा. खर्च शून्य.

मृण्मयी_ना
७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४०

घेतला! आमच्या टीममध्ये एक जण आहे, तिला आजच विचारते की ती कुठे अडते.

फिजिओ_अमरावती
७ नोव्हेंबर, रात्री ८:३०

हातांसाठीही एक दिवस आहे. एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून होणाऱ्या दुखण्यांचा जागरूकता दिन २९ फेब्रुवारीला असतो. वर्षानुवर्षं पुन्हा न येणारी तारीख म्हणून मुद्दाम ती निवडली. एरवी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे तुमच्यासाठी २८ ला.

पद्माताईंनी आईची मान, पाठ, बोटं लिहिली. माझ्याकडे येणाऱ्या आयटीवाल्यांची यादी अगदी तीच असते. पलंगावर उशी मांडीवर घेऊन लॅपटॉप ठेवणारे सगळे येतात. उपाय साधा: स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत, कोपर टेबलाच्या उंचीला, पाय जमिनीला टेकलेले, आणि दर अर्ध्या तासाला उठणं. लॅपटॉप उंच ठेवला की हात वर जातात, म्हणून वेगळा कीबोर्ड हवाच. कंपनीनं खुर्ची नाही दिली तरी कीबोर्ड आणि माउस द्यावा.

समुपदेशक_वर्धा
७ नोव्हेंबर, रात्री ९:०५

मृण्मयीताई, ८ मार्चचं काय ठरलं? २०२६ मध्ये रविवार आहे.

एचआर_वाली
७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मी सुचवते. ८ मार्चच्या आठवड्यात लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची माहिती द्या, आणि ती घरून काम करणाऱ्या स्त्रियांना समजेल अशी. त्या कायद्यातल्या कामाच्या जागेच्या व्याख्येत घरही येतं. व्हिडिओ मीटिंगमधली शेरेबाजी, रात्रीचे खासगी मेसेज, 'कॅमेरा लाव ना' चा हट्ट, या सगळ्याची तक्रार अंतर्गत समितीकडे करता येते. दूर राहणाऱ्या कित्येक मुलींना समितीत कोण आहे हेही ठाऊक नसतं. नावं, फोन, ईमेल आणि तक्रारीची पद्धत मराठीत लिहून द्या. गुलाबाचे पैसे वाचतील.

ओंकार७
७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

१ मे राहिलाच. तो आपल्याला दुप्पट जवळचा, कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन. पण अमेरिकेच्या क्लायंटसाठी काम करणाऱ्यांचा तो हमखास जातो, कारण त्यांचा कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. वास्तविक १ मे आला तो शिकागोच्या १८८६ च्या आठ तासांच्या लढ्यातून! राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात १ मेची भरपगारी सुट्टी नावानिशी आहे. क्लायंटला जानेवारीतच लेखी कळवून टाका.

मृण्मयी_ना
८ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

मंडळी, रात्री बसून यादी केली. आज साहेबांकडे जाईल.

८ मार्चच्या आठवड्यात अंतर्गत समितीची माहिती मराठीत, प्रत्येकीच्या हातात. २८ एप्रिलला वायरमन आणि आरसीसीबी, सोबत ज्याला हवा त्याला कीबोर्ड आणि माउस. म्हणजे फेब्रुवारीचा दिवस यातच मिळवला. १ मे पूर्ण बंद, क्लायंटला जानेवारीत पत्र. २१ मेला माउस बाजूला. १० ऑक्टोबरऐवजी ९ तारखेच्या शुक्रवारी फोन, आणि १४४१६ सगळ्यांच्या ओळखपत्रामागे छापायचा. २० ऑक्टोबरला बाहेर दिलेल्या कामाच्या पैशांची तपासणी. मुग्धाची घरेलू कामगार नोंदणीची माहिती १६ जूनला ईमेलनं जाईल, ती सहात मोजली नाही.

रोखठोक, १० जूनला दिवस नाही ठेवला. पण त्या तारखेपासून रविवारी मेसेज पाठवायचा नाही हा नियम मागितलाय. लोखंड्यांचं नाव कारणात लिहिलंय.

रोखठोक
८ नोव्हेंबर, सकाळी ९:५५

हे झालं तर मी या धाग्यावर पेढे वाटीन. नियम लेखी घ्या, तोंडी नको.

चाकणकर_सुरक्षा
८ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

वायरमनसाठी तपासणीची यादी करून देतो, आठवडाभरात इथेच टाकतो. गौरांगची पायरी वरच्या नंबरावर.

फिजिओ_अमरावती
८ नोव्हेंबर, सकाळी १०:४८

ताई, २०२६ मध्ये २० ऑक्टोबरला दसरा आहे, सुट्टी असेल. कार्यक्रम सोमवारी १९ ला घ्या.

मृण्मयी_ना
८ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

बरं झालं सांगितलंत, १९ केला. पद्माताई, एक विनंती. त्या दिवशी तुमच्या आई आमच्या लोकांशी बोलतील का? तासभर ऑनलाइन. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडेल, तो कंपनी देईल, आणि बोलण्याचं मानधन वेगळं. आम्ही कुणी फोटो लावणार नाही.

पद्मा_सोलापूर
८ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

आईला विचारलं. आधी नाही म्हणाली, मग विचारलं की ते लोक पीएफबद्दल ऐकतील का. तिला तेच सांगायचंय. दुपारी दोननंतर चालेल, त्याआधी पानं कापायची असतात. एक अडचण आहे, ती मराठी बोलते, पण मोकळी होते तेलुगूत. तुमच्याकडे तेलुगू येणारं कुणी आहे का?

मृण्मयी_ना
८ नोव्हेंबर, दुपारी ४:४१

हैदराबादहून काम करणारे दोघं आहेत. त्यातल्या एकाची आजी विड्या वळायची, त्यानंच हात वर केलाय. त्याचा नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते.